खांब झिंगत नाही

परांची बांधणाऱ्या त्या टोळीत एक रीत होती. काम पुरं झालं की सगळ्यांनी जागेवरच निदान एक घोट घ्यायचा आणि टेम्पो कोणी चालवायचा ते फळीवर ठरवायचं. फळी जमिनीवर टाकायची, काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला हातात धरून तिच्यावरून चालायचं. ज्याचं पाणी सांडणार नाही, किल्ली त्याची. पोलिसांच्या फुंकायच्या नळीपेक्षा फळी खरं बोलते, असं मुकादम छातीठोकपणे सांगायचा.

किल्ली दर वेळी खांबाकडे जायची. पाच-सहा पेले रिचवूनही तो नुकताच आंघोळ करून आल्यासारखा चालायचा, म्हणून हे नाव. त्याच्या बहिणीच्या नवऱ्याला टोळी बीट म्हणायची. एका घोटात बीटचं तोंड कानापर्यंत लाल व्हायचं, छाती धडधडायची, हात कापायचे. हे आईकडून आलं होतं; मामा तसाच, मावशीही तशीच.

डॉक्टरांनी बीटला नीट समजावलं होतं. दारू पचताना आधी तिचं एक विष बनतं, मग त्याचा निचरा होतो. तुमचा निचरा जन्मतःच मंद, म्हणून ही लाली. बीटने मेव्हण्याचंही विचारून घेतलं. तेही बरेचदा रक्तातूनच येतं, ते म्हणाले. दारू रक्तात तेवढीच असते, पण अंगाला बातमी कमी पोचते. चाल सरळ राहिली तरी ब्रेकवरचा पाय मंदावतोच. शिवाय काही जाणवत नाही म्हणून माणूस आणखी ओततो. बीटला सासरे आठवले. जन्मात कधी न अडखळलेला तो माणूस यकृत निकामी होऊन गेला होता.

हे त्याने टोळीला कितीदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तुला पचत नाही म्हणून दुसऱ्याच्या घशावर डोळा, एवढंच त्याला ऐकून घ्यावं लागलं.

त्या संध्याकाळी पाण्याच्या टाकीची परांची पुरी झाली. बीटने रीतीपुरता घोट घेतला आणि किल्ली आधीच खिशात घातली. थोडं थांबा, माझी लाली उतरली की मी चालवतो, असं तो म्हणाला. थांबायला कोणी तयार नव्हतं.

"आरशात तोंड बघ आधी," मुकादम म्हणाला. "तुझ्या गाडीत बसण्यापेक्षा चालत गेलेलं बरं."

"मी एक घोट घेतलाय. यानं सहा पेले."

"मग फळीवर दाखव की."

बीट चढला. हात कापत होता. तिसऱ्या पावलाला पाणी मनगटावरून ओघळलं. मागून खांब आला, थेंब न सांडता पलीकडे गेला आणि वर ते पाणी पिऊनही टाकलं. टोळी हसून लोळली.

"द्या भाऊजी," खांबाने हात पुढे केला. त्याच्या बोलण्यात खोटही नव्हती, ताठाही नव्हता. त्याचाच बीटला जास्त संताप आला. चिडायचं तरी कोणावर?

किल्ली देऊन तो पुढे, मेव्हण्याच्या शेजारी बसला. वळणावर एक हातगाडीवाला आडवा आला. ब्रेक लागला, पण उशिरा; हातगाडीवाल्याने मागे उडी मारली म्हणून निभावलं. मागे बसलेल्यांनी हातगाडीवाल्यालाच शिव्या घातल्या.

एकेक जण आपापल्या दारी उतरला. शेवटी बीटचं घर आलं. बायको खिडकीत उभी होती.

"पोचवलं की नाही सुखरूप?" खांब म्हणाला. "उतरा आता."

"आणि तू?"

"जरा दुकानावर जाऊन येतो. आज काही जाणवलंच नाही बघा."

बीटने दाराच्या कडीवर ठेवलेला हात काढून घेतला.

"भाऊजी, उतरा ना. ताई वाट बघतेय."

"बघू दे."

खांबाने हॉर्न वाजवला, बहिणीला हात केला, मग इंजिन चालू ठेवूनच तोही बसून राहिला. बायको खाली आली, दोघांकडे आळीपाळीने बघत काय झालं म्हणून विचारू लागली. बीटने सांगायला तोंड उघडलं. तिची नजर आधी त्याच्या लाल तोंडावर गेली.

"आज तुम्ही किती घेतलीत?" तिने विचारलं.