वजनाची माणसं

मालकाचा गळा घोटावा असं फिटरबाईला रोज वाटायचं, आणि रोज ती त्याच मालकाच्या ट्रॅक्टरला ग्रीस मारायची. नोकरी सोडून जा, असं बहीण सांगून थकली. आपला डाव अजून यायचाय, एवढंच ती म्हणे.

तिचा नवरा याच वाळूच्या यार्डात मेला. ट्रॅक्टरला पुढे लोडर असेल तर मागे काँक्रीटचा ठोकळा अडकवावा लागतो, नाहीतर बकेट भरून वर नेली की मागची चाकं उचलली जातात. पण ठोकळा अडकवण्यात वेळ कोण घालवणार? मालकानं पद्धतच पाडली होती: दोन माणसं मागे उभी करायची, झालं वजन. एकदा मागची बाजू उसळली, नवरा खाली पडला आणि चाक त्याच्या अंगावर आलं. असं काही होईल याची आपल्याला कल्पनाच नव्हती, असं मालकानं चौकशीत डोळे पुसत सांगितलं आणि सहीसलामत सुटला. मेल्यानं काय नाटक केलं होतं!

आज ड्रायव्हर आला नाही म्हणून मालक स्वतः चढला. अपघातानंतर अडकवायला लागलेला ठोकळा शेडमध्ये वळताना आडवा येतो, काढून टाक म्हणाला. एरवी तिनं वाद घातला असता. आज मुकाट्यानं पिना काढल्या आणि पडू दे तोंडावर, असं मनात म्हणाली.

ओल्या वाळूनं भरलेली बकेट त्यानं पार वर नेली आणि उतारावर मागची चाकं अधांतरी झाली. ब्रेक मागच्याच चाकांना, दाबून उपयोग काय? घामाघूम होऊन मालक सवयीनं ओरडला, कुणीतरी मागे चढा रे. कुणी हललं नाही. फिटरबाई हाताची घडी घालून बघत राहिली, आणि तिला फार बरं वाटलं.

तेवढ्यात मालकाचा लग्नाच्या वयाचा मुलगा ऑफिसातून धावत आला आणि त्यानं मागच्या दांडीवर पाय ठेवला.

मालकानं वळून पाहिलं. "तू नको चढूस! चाकाखाली जाशील."

फिटरबाईनं मुलाची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. मग मालकाला सांगितलं, बकेट हळूहळू खाली घ्या, स्टिअरिंग वळवू नका. चाकं जमिनीला टेकली.

"माझ्या नवऱ्याला का नाही सांगितलंत, चढू नकोस म्हणून?" तिनं विचारलं.

मुलगा बापाकडे बघत उभा होता. त्यालाही उत्तर हवं होतं.