मागचे दोन स्पीकर

नुबियाचा त्यात फायदा एकच होता: संध्याकाळी पाचनंतर नवरा घरात, डोळ्यांसमोर. तिला स्वतःला गाण्यात गोडी नाही, फुटबॉलमध्ये तर त्याहून नाही. बावीस धडधाकट माणसं एका चेंडूमागे का धावतात, हे कोडं तिला इतक्या वर्षांच्या संसारात सुटलेलं नाही. तरी साउंडबार घ्यायचं तिच्याच डोक्यातून निघालं, आणि तिच्या डोक्यातून जे निघतं त्याच्या बुडाशी कसला तरी फायदा असतोच. मला हे ठाऊक असणारच. मी तिच्या मुलीची धर्ममाता, म्हणजे नुबियाची कोमाद्रे, आणि वर परसाला परस लागलेली शेजारीण.

नवरा म्हणजे विल्फ्रिदो. काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे नेले, पण त्याने त्याचा बभ्रा केला नाही. सगळं कानांवर सोपवलं आणि मोकळा झाला. दारात पाऊल पडलं की त्याच्या तोंडात नाव तयार. मी एकदा मुद्दाम अनवाणी गेले, तर म्हणाला, "अमिरा, चपला तुटल्या की नवऱ्याने लपवल्या?" डावीकडे फ्रिजची घरघर, डोक्यावर पंखा, पुढे रस्ता, मागे परसातला ठिबकणारा नळ. एवढ्या खुणांवर तो घरभर काठीशिवाय हिंडायचा. त्या घराचा कर्ता तो अजून होता, तो एवढ्याच बळावर.

आणि पाच वाजले की रस्ता ओलांडून कोपऱ्यावर ओसिरिसच्या दुकानात. तिथे आंब्याच्या झाडाखाली डॉमिनोचं टेबल. सोंगट्यांवरचे खळगे तो अंगठ्याने वाचायचा, आणि डोळसांना हरवायचा. ऑगस्टमध्ये एका मोटरसायकलवाल्याने त्याला जाता जाता घासलं. शर्टाची बाही हँडलला अडकून फाटली, बाकी काही नाही. विल्फ्रिदो हसत घरी आला. नुबिया हसली नाही.

"डॉमिनोला डोळे लागत नाहीत, म्हातारे," तो म्हणाला.

"रस्त्याला लागतात."

"रस्ता मला ओळखतो."

"मोटरसायकलवाला ओळखत होता का?"

विल्फ्रिदोने फाटकी बाही चाचपली. नुबियाने मात्र त्या रात्रीपासून उपाय शोधायला घेतला. बांधून ठेवता येणार नाही, तर ज्याच्यासाठी तो स्वतःहून बसेल असं काहीतरी घरात आणायचं. स्टेडियमच घरात आणायचं.

दुकानात मला सोबत नेलं, कारण घासाघीस मला जमते. मुलीने तिच्या बोनसमधून साडेआठ लाख पेसो दिले होते, त्याच्या वर एक पेसो नाही, हे नुबियाने दारातच जाहीर करून टाकलं. विक्रेता कोवळा होता, पण बोलायला तयार.

"आजी, हा घ्या. एकच लांब पट्टी, टीव्हीखाली ठेवायची. आवाज भिंतींवर आपटून मागून येतो."

"मागे भिंत नसली तर?"

"भिंत नाही असं घर कुठे असतं?"

"माझं आहे," नुबिया म्हणाली. खरं होतं. त्यांच्या बैठकीच्या मागच्या अंगाला विटांची जाळी आहे, परसातला वारा आत यावा म्हणून. आमच्या उकाड्यात जाळी नसेल तर माणूस घरात शिजतो.

पोराने डोकं खाजवलं. मग त्याने दुसरा खोका ओढला: पट्टी, जमिनीवर ठेवायचा घुमणारा डबा आणि मागे ठेवायचे दोन छोटे स्पीकर. "मग हा. यात मागचा आवाज खरंच मागून येतो, आजी. कोणी पाठीशी उभं आहे असं वाटतं."

"असंच पाहिजे," नुबिया म्हणाली. मी त्याच्याकडून किमतीत थोडी सूट आणि वर एक वायर फुकट उकळली. मला वाटलं, आम्हीच जिंकलो.

घरी बसवताना आधी काहीच वाजेना. मुलगी पुस्तिका घेऊन, मी चष्मा घेऊन, तास गेला. शेवटी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज बाहेर पाठवायचा असतो हे सापडलं, आणि वायर भलत्याच भोकात होती हेही. मागचे दोन स्पीकर जाळीच्या दोन टोकांना, खिळ्यांवर टांगले. जाहिरातीतली मोटरसायकल पुढून मागे गेली तेव्हा विल्फ्रिदो म्हणाला, "ही डावीकडून आली आणि उजवीकडून पळाली. रस्ता असा वळत नाही." मागचे स्पीकर उलटसुलट लागले होते. अदलाबदल केली.

मग खुर्चीचा प्रश्न आला. त्याची डुलती खुर्ची ओट्यावर असायची, तिथून तो अख्ख्या गल्लीचा रामराम घ्यायचा. ती आत आणून बरोबर मधोमध ठेवली, कारण आवाज चहूबाजूंनी सारखा लागतो तो तेवढ्याच जागी. पण डुलती खुर्ची डुलता डुलता सरकते. नुबियाने तिच्या पायांपुढे आणि मागे लाकडी ठोकळे खिळ्यांनी ठोकले.

विल्फ्रिदोने डुलून पाहिलं. खुर्ची जेमतेम हलली. "मी बसलोय," तो म्हणाला, "की मला पार्क केलंय?"

आम्ही खूप हसलो.

पहिल्या सामन्याला ओसिरिस आणि टेबलावरचे दोघे बिअर घेऊन आले. आंब्याखालचा डाव त्या दिवशी बंद. आमच्या लाल-पांढऱ्या संघाच्या पाठिराख्यांचा ढोल मागून असा घुमला की विल्फ्रिदोने दोन्ही हात वर केले. "डोळे गेल्यापासून स्टेडियमात गेलो नव्हतो!" त्याचे गाल ओले झाले होते. नुबिया अंडं भरलेल्या मक्याच्या पुऱ्या, आरेपा, तळून आणत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर पूर्ण वसुलीचं समाधान होतं.

हळूहळू ओसिरिस येईनासा झाला. "तिथे बोलता येत नाही गं," तो मला म्हणाला, "आणि चेष्टा न करता डॉमिनो कसला?" विल्फ्रिदो मात्र बसून राहिला. रिमोटची बटणं सपाट, बोटाला एकही कळत नाही, त्यामुळे लावायचं आणि बंद करायचं नुबियाच्या हातात. पाचच्या आधी ती लावायची. मालिका, बातम्या, जे असेल ते.

पहिल्यांदा मला खटकलं ते असं. मी दारातून आत गेले, चपला वाजवत. त्याच्या तोंडी माझं नाव आलं नाही. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला तर एवढा दचकला की कॉफी माझ्या पायावर.

"कोण?"

"मी, अमिरा."

"आवाज देत जा की!" असं तो मला कधीच म्हणाला नव्हता. मग ओशाळून हसला. "मागे सारखे लोक असतात गं. त्यातलं खरं कोण, कळत नाही."

घुमणाऱ्या डब्याखाली फ्रिजची घरघर बुडाली होती. तो दाराच्या चौकटीवर आदळायला लागला, कपाळावर टेंगूळ घेऊन हिंडायला लागला. दर थोड्या वेळाने हाक, "नुबिया, आहेस ना?" एके दिवशी चिडून ओसिरिसकडे जायला निघाला. ओट्याची पायरी उतरला, तेवढ्यात मोटरसायकल वाजली. रस्त्यावरची की बैठकीतली? तो तिथेच थिजला. पुढे पाऊल टाकेना, मागे टाकेना. मग भिंत चाचपत आत आला आणि आपल्या ठोकळ्यांमधल्या खुर्चीत जाऊन बसला.

"स्वतःहून परत आला, कोमाद्रे!" नुबियाने मला जाळीतून सांगितलं.

"घाबरून आला."

"कसा का येईना."

मी म्हटलं, "आवाज कमी तरी कर. मागचे दोन काढून टाक. माणूस आंधळा झाला तेव्हा झाला नव्हता एवढा आंधळा तू त्याला आता करतेयस."

"तुझा नवरा मोटरसायकलखाली जाता जाता वाचला का? नाही ना? मग तू गप्प बस." फाटक्या बाहीचा तो शर्ट तिने टाकलेला नव्हता, हे मला माहीत होतं. मी माझ्या कामाला लागले.

तो रविवार. घरोघरी सामना. दुपारच्या सांकोचोचं, म्हणजे मटणाच्या रश्श्याचं, मोठं पातेलं धुवायला नुबिया परसात गेली, आणि साबणाच्या पाण्यावरून घसरून हौदाजवळ आडवी झाली. उठता येईना. तिने हाका मारल्या. पण पाठिराख्यांच्या आरड्याओरड्यात एका बाईची हाक म्हणजे काय? मग तिच्या हाताला पातेल्याचं ॲल्युमिनियमचं झाकण लागलं. ते ती फरशीवर आपटत राहिली.

मला ते माझ्या घरात ऐकू येत होतं. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "बघ, ढोल कसा घुमतोय त्यांच्याकडे."

मग मध्यंतर झालं. आमच्या टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली. त्यांचा ढोल चालूच.

मी तशीच धावले. त्यांचं पुढचं दार उघडं होतं. विल्फ्रिदो बैठकीच्या मधोमध उभा होता, खुर्ची सोडून, दोन्ही हात पसरून, आणि स्वतःभोवती गोल फिरत होता. पट्टी गात होती, डबा घुमत होता, जाळीच्या दोन्ही टोकांवरून बायका खिदळत होत्या, आणि मधून ते ठण ठण.

"अमिरा? तू खरी आहेस का?" तो ओरडला. "ती कुठे आहे? यातली ती कुठली?"

रिमोट सापडेना. मी भिंतीतला प्लग उपटला.

घर एकदम शांत झालं. फ्रिज घरघरला. मागून ठण आलं, आणि त्यामागे अगदी बारीक, "विल्फ्रिदो..."

तो माझ्या पुढे निघाला. भिंतीला हात नाही, चौकटीला धक्का नाही. मी पोहोचेपर्यंत तो साबणाच्या पाण्यात गुडघे टेकून बसला होता, तिचं डोकं मांडीवर घेऊन.

"मला वाटलं ढोल आहे," तो म्हणत होता. "मी ताल धरला होता गं. खुर्चीच्या हातावर. तुझ्याबरोबर ताल धरला होता मी."

"ठीक आहे," नुबिया म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "बेताल तर नव्हतास ना?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यात सळई घातली. ती आता चालते, पण वॉकर घेऊन, आणि परसात एकटी जात नाही. पट्टी आणि डबा मुलगी घेऊन गेली. तिच्या घरी मागे भिंत आहे. मागचे दोन स्पीकर अजून जाळीला टांगलेत. ते काढायला नुबियाला चढता येत नाही आणि विल्फ्रिदोला कोणी सांगत नाही.

खुर्चीचे ठोकळे तिने माझ्याकडून काढून घेतले. त्याच खुर्चीत आता ती बसते. तो शेजारी स्टुलावर. रेडिओ नाही, टीव्ही नाही, पंखासुद्धा कमीवर. पाच वाजतात. आंब्याखालून सोंगट्या आपटल्याचा आवाज येतो.

"जा की रे," ती म्हणते. "हात जोडते. जाऊन ये घटकाभर."

"आणि तू पडलीस तर?"

"अमिरा आहे."

"अमिरा ढोल ऐकत बसते," तो म्हणतो, आणि मी कॉफीच्या कपात बघते.

म्हणजे नुबियाला हवं होतं ते पुरेपूर मिळालं, पाचनंतर नवरा डोळ्यांसमोर. त्याची किंमत तिने एक खुबा देऊन भरली, त्याने आंब्याखालची संध्याकाळ देऊन. आणि ओसिरिस, ज्याने काहीच विकत घेतलं नव्हतं, तो रोज चौथी खुर्ची मांडतो आणि तिघांतच डॉमिनो खेळतो.