द्वारकेचं तोंड

नागोरावनं चित्रातल्या द्वारकेच्या ओठावर बोट टेकवलं आणि उचलून पाहिलं. बोटाला गुलाबी रंग लागला. ओला.

त्याचा स्वतःचा रंग वाळून महिना झाला होता. मग हा कुणाचा?

धायरीतल्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारच्या चित्रकलेच्या क्लासचं प्रदर्शन मांडलं होतं. लोक यायला अजून थोडा वेळ होता. बाकीच्यांनी मोर काढले होते, फुलदाण्या काढल्या होत्या, एकानं खडकवासल्याचं पाणी. माणूस काढला होता तो एकट्या नागोरावनं. खाली चिठ्ठी होती, 'माझी द्वारका'. गडी बुलढाण्याकडचा, तीस वर्षं कारखान्यात लेथवर घासलेली. रिटायर झाला, ब्रश धरला आणि सहा महिने बायकोच्या तोंडाशी झटला. दोन वर्षांपूर्वी लकवा मारून द्वारकेचं तोंड डावीकडं ओढलं गेलं होतं. ते ओढलेलं तोंड ज्या दिवशी कॅनव्हासवर जमलं, त्या दिवशी हा बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून रडला. ती पाठमोरी भाकरी थापत होती. तिला पत्ताही नाही.

आणि आता चित्रातलं तोंड सरळ होतं. पट्टी धरून आखल्यासारखं.

"सर, हे काहून केलं?"

क्लास घेणारे सलिल सर पेठेतले. ते पलीकडं चिठ्ठ्या चिकटवत होते. मान वर न करताच म्हणाले,

"प्रदर्शनाआधी मी सगळ्यांचीच चित्रं जरा सावरतो, नागोराव."

"माझं नाही कधी सावरलं."

"मागच्या वर्षी आपल्या चित्रातल्या वांग्यांना सावली कोणी दिली असं वाटतं आपल्याला? मंडईवाल्यांनी?"

ती वांगी फ्रेम होऊन गावाकडच्या घरात लागली होती. येईल-जाईल त्याला थोरला भाऊ बोट लावून सावलीच दाखवायचा.

"या खेपेला मात्र मी आपणहून हात लावला नाही," सर आवाज उतरवून म्हणाले. "वहिनी आल्या होत्या काल दुपारी. त्यांना विचारा."

नागोरावनं सरांच्या टेबलावरचं फडकं उचललं आणि टर्पेंटाइनच्या बाटलीला लावलं. वरचा रंग ओला, खालचा त्याचा वाळलेला. एक हात फिरवला की झालं, एवढं त्याला आता कळत होतं.

"पुसता का?"

द्वारका मागं उभी होती. ठेवणीतली जांभळी साडी नेसलेली, पदराचं टोक नेहमीसारखं ओठावर धरलेलं.

"तू सांगितलं त्यांना?"

"हो, मीच."

"मला न सांगता? माझं चित्र होतं, द्वारके. सहा महिने..."

"आन् तोंड? तेबी तुमचं होतं का?"

फडकं नागोरावच्या हातात तसंच राहिलं.

"दोन वर्षं झाली, हळदीकुंकवाला गेले नाही मी," ती हळूच बोलत होती, सरांना ऐकू जाऊ नये असं. "लिफ्टमध्ये कुणी असलं तर चार मजले जिन्यानं उतरते. आन् तुमी तेच तोंड इथं आणून टांगलं. खाली नाव लिहून. एका शब्दानं विचारलं का मला?"

"मला ते तसंच..."

"मला नाही," द्वारका म्हणाली.

तेवढ्यात लोक यायला लागले. तिसऱ्या मजल्यावरची उत्कर्षा, आयटीत काम करणारी पोरगी, थेट चित्रापाशीच आली.

"वॉव, काकू! किती गोड दिसताय! थांबा, चित्राशेजारी उभ्या राहा. एक फोटो. आणि पदर काढा ना, प्लीज. स्माइल."

द्वारकेनं एकदा चित्राकडं पाहिलं. मग पदर सोडला आणि हसली. कितीतरी दिवसांनी चार माणसांत हसली. हसू डावीकडं गेलं.

उत्कर्षाचा फोन धरलेला हात खाली आला.

"हलला वाटतं. परत काढते हं, काकू."

नागोराव तिच्या खांद्यामागंच होता. फोटो हलला नव्हता. गालावरचा तीळसुद्धा लख्ख दिसत होता.

दुसऱ्या फोटोला द्वारकेनं पदर पुन्हा तोंडावर घेतला.

"हा मस्त आलाय. काका, कुठला पाठवू तुम्हाला?"

'पहिला' हा शब्द नागोरावच्या जिभेवर येऊन बसला होता. त्यानं तो गिळला.

"द्वारके, तू सांग. कुठला?"

तिनं फोनकडं पाहिलं, चित्राकडं पाहिलं, त्याच्या हातातल्या फडक्याकडं पाहिलं.

"दोन्ही पुसायला सांगा पोरीला," ती म्हणाली.

आणि खुर्च्यांकडं गेली. पहिल्या रांगेत, त्या चित्राच्या बरोब्बर समोर, पदर सोडून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.