घरच्या घरी सलाईन

डॉक्टर म्हणाले, "या वेळी इंजेक्शनं घरीच देऊ. वॉर्डात सगळे खोकत असतात, त्यांचं काही हिला लागायला नको. घरी कसं, शांतता असते."

शांतता म्हणे. त्या भल्या माणसानं मखमलाबादेतलं माणसांनी भरलेलं घर कधी पाहिलेलं नसावं.

माझी निकिता एकोणीस वर्षांची. जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. म्हणजे छातीतला कफ डिंकासारखा घट्ट होतो, सुटता सुटत नाही, त्यात जंतू मुक्काम ठोकतात आणि मग शिरेतून औषध द्यावं लागतं. या खेपेला दोन आठवड्यांचा कोर्स होता. दंडात बारीक नळी बसवून आम्हाला घरी पाठवलं. उज्वला सिस्टर सकाळ-संध्याकाळ येऊन औषध सोडणार होत्या. शेवटी यंत्रात जोरानं फुंकायची तपासणी. फुप्फुसांनी जोर धरला तर ठीक, नाहीतर मुंबईला महिनाभर भरती. निकितानं परतताना रिक्षातच मला बजावलं, "आई, मुंबई नको. तिथं दिवसभर पंख्याकडं बघत पडायचं. मला आपल्या घरात बरं व्हायचंय."

आता हॉस्पिटलच्या दारात वॉचमन असतो. पास नाही तर आत सोडत नाही, मग तुम्ही कुणाचे का मामा असेना. घराला वॉचमन नाही. आणि आपल्याकडे आजाऱ्याला बघायला गेलं नाही तर जन्माचं वैर धरतात.

सासरचे आले, माहेरचे आले, फुलबाजारात आमच्या शेजारी शेवंती विकणाऱ्या बायका आल्या. प्रत्येकानं एक शहाळं, एक बिस्किटचा पुडा आणि आपापली सर्दी आणली. सगळ्यांचं एकच म्हणणं, "ॲडमिट नाही ना? मग साधंच असेल." एकीनं तर दंडात नळी असलेल्या माझ्या लेकीला सांगितलं, घरातच आहेस तर ऊठ, चहा टाक. आणि ही बावळट उठायलाही निघाली होती. मीच तिला दामटून बसवलं आणि चहा टाकला. काय करता.

या सगळ्यांत वरचढ आमच्या चुलत सासूबाई, रंगूबाई. घर आमच्या फुलांच्या मळ्याला लागूनच, त्यामुळे दिवसातून तीनदा फेरी. महिनाभर खोकला अंगावर काढलेला आणि बसायचं ते निकिताच्या उशाशी.

"काकू, तेवढा मास्क लावा," मी म्हटलं.

"म्या काय परकी हाय?"

वर निकिताच्या ताटात डोकावून म्हणाल्या, "एवढं मीठ कशाला घालती पोरीला? रक्त आटतं त्यानं."

"डॉक्टरांनीच जास्त द्यायला सांगितलंय. तिच्या घामातून मीठ जातं."

"डॉक्टरला काय कळतंय. त्याला लेकरं हायेत का?"

आठवडा सरायच्या आत निकिताचा खोकला वाढला, अंग तापलं. उज्वला सिस्टर म्हणाल्या, "ताई, हे असंच चाललं तर मुंबई टळत नाही." मी नवऱ्याला म्हटलं, लोकांना येऊ नका म्हणून सांगा. संतोषराव म्हणाले, "नाही कसं म्हणायचं? उद्या आपल्याला माणसं लागतील." उद्या माणसं लागतील म्हणून आज पोरगी पणाला लावायची, असा हा हिशोब. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं औषध देऊन सिस्टर गेल्या, तशी मी बांधावर गेले, कडुलिंबाचा डहाळा तोडला आणि दाराला बांधला. आमच्याकडे कांजिण्या निघाल्या की असा डहाळा बांधतात. घरात देवी आली म्हणतात, मग बाहेरचं कुणी उंबरा ओलांडत नाही. थोड्या वेळानं रंगूबाई आल्या, डहाळा पाहिला, लांबूनच हात जोडले आणि मुकाट परतल्या. माझं मेलीचं इतकी वर्षं कुणी ऐकलं नाही, पाल्याचं लगेच ऐकलं. दुपारी मी चक्क झोप काढली.

संध्याकाळी मात्र उज्वला सिस्टर आल्याच नाहीत. औषधाची वेळ टळायला लागली तशी मी फोन केला.

"ताई, दारापर्यंत येऊन फिरले. लिंब दिसला. माझं बाळ आठ महिन्यांचं आहे, तुम्ही आधी कळवायचं ना."

त्या अजून कोपऱ्यावरच्या दुकानापाशी होत्या. मी तशीच अनवाणी धावले. तिथं रंगूबाई आणि गल्लीतल्या बायका गप्पा मारत उभ्या. आता लाज धरू की औषध? सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "कांजिण्या नाहीत. लोकांना थोपवायला बांधला होता."

सिस्टरांनी स्कूटी आमच्या घराकडं वळवली. रंगूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "देवीच्या नावानं खोटं बोललीस?"

"बोलले. तुम्ही मास्क लावला असता तर देवीला मधे घालावं लागलं नसतं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात कुत्रंही फिरकेना. फुलबाजारात संतोषरावांना कुणी रामराम घालेना. मी मनातून खूश. औषधं वेळेवर, पाठ थोपटून कफ सोडवणं वेळेवर, ताप उतरला. डॉक्टरांना हवी होती ती शांतता हीच, असं मी घोकत होते.

निकिता मात्र गप्प झाली. एकदा म्हणाली, "आई, कुणीच येत नाही गं."

"चांगलंच आहे की."

"मुंबईतही असंच होतं. मग मला घरी कशाला ठेवलंय?"

मला राग आला आणि रडूही आलं. रागच आधी बाहेर पडला, नेहमीसारखा. "तुझ्यासाठीच सगळ्यांशी वाकडं घेतलंय ना मी," असं तिच्यावर ओरडून मी स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडाशी धरून रडले.

तपासणी झाली. फुप्फुसांनी चांगलाच जोर धरला होता, मुंबई टळली. डॉक्टर खूश, मी खूश, संतोषरावांनी पेढे घेतले. घरी आलो तर पेढे द्यायचे कुणाला? निकिता खिडकीशी जाऊन बसली, पेढ्याला हातही लावला नाही.

तेवढ्यात खिडकीबाहेर रंगूबाई दिसल्या. लांब, कुंपणाच्या भिंतीला टेकून, पदराचा बोळा तोंडावर दाबून उभ्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"आत नाय येत," त्या निकिताला म्हणाल्या. "खोकला गेला नाय अजून. तपासणीचं काय झालं, तेवढं सांग. मंग जाते."

"बरी आहे मी. मुंबईला जायचं नाही."

म्हातारीनं मान हलवली आणि जायला वळली. माझी लेक गजांना धरून उभी राहिली.

"आजी, आत येऊ नको," ती म्हणाली. "पण जाऊ पण नको."

मी खुर्ची उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली.