मध्यम

मला राग येतो हे लोकांना माहीत नाही. मलाही फारसे माहीत नव्हते. एका कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षे काढली, तिथे आवाज चढवायची सवय लागत नाही. पण त्या सोमवारचा राग अजून जात नाही आणि तो नेमका कुणावर काढावा हेही ठरत नाही, म्हणून लिहितो.

सोमवारी सकाळी यमूच्या, माझ्या बायकोच्या, पोटात उजवीकडे दुखू लागले. मी पुण्याला मुलाला फोन केला.

"बाबा, दवाखान्यात रांगा कशाला लावता? तुमच्या फोनवर अ‍ॅप टाकून दिलंय ना मी? फॉर्म भरा, डॉक्टर स्वतः बोलतात," पुष्कर म्हणाला आणि मीटिंगला गेला.

फॉर्म इंग्रजीत होता. वय, वजन, कुठे दुखते. मग, किती दुखते? उत्तराला चार चौकोन: माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर, अनबेअरेबल.

इथे मी अडलो. इंग्रजी शब्द हा माझा जुना नाद. असह्य गोष्टींना त्या भाषेत किती शब्द आहेत याची मी एकेकाळी वहीच केली होती. इनसफरेबल हा गर्विष्ठ माणसाला, इनटॉलरेबल हा अन्यायाला, एक्सक्रुशिएटिंगच्या पोटात क्रूस, अ‍ॅगनीच्या पोटात ग्रीकांची झुंज. आणि अनबेअरेबल म्हणजे जे पेलवतच नाही ते. मी स्वयंपाकघरात डोकावलो. यमू एका हाताने ओटा धरून कुकर लावत होती. म्हणजे पेलत तर होती.

"यमू, किती दुखतं?"

"दुखतंय."

"म्हणजे सहन होण्यासारखं, की..."

"न होऊन काय करू? वरण तुम्ही लावणार आहात?"

मी सिव्हिअरवर बोट नेले. मग वाटले, उगाच गाजावाजा होईल, डॉक्टर म्हणतील म्हातारा घाबरट आहे. मॉडरेट दाबले. लगेच उत्तर आले: शुक्रवार, साडेअकरा. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की चौथा चौकोन निवडणाऱ्याला दहा मिनिटांत डॉक्टर फोन करतील. ते मी वाचले. वाचूनही उत्तर बदलले नाही. विचार करून दिलेले उत्तर सोयीसाठी बदलणे मला अप्रामाणिक वाटले.

मंगळवारी दुपारी यमूने खोलीचे दार लावून घेतले. संध्याकाळी दार उघडले तेव्हा पलंगाखाली कापूस पडला होता.

"उशी उसवली वाटतं," मी म्हणालो.

"जुनीच आहे," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

मी कापूस झाडून गोळा केला, केराच्या डब्यात टाकला आणि बाहेर येऊन शब्दकोश उघडून बसलो.

स्वयंपाकाला येणारी प्रेमलता दोन दिवस उमरेडला भावाकडे गेली होती. बुधवारी सकाळी ती आली, थेट आत गेली आणि तशीच बाहेर आली.

"काकाजी, काहून बसून राहिले तुम्ही? काकूचं आंग तव्यावानी तापून राहिलं!"

"शुक्रवारची वेळ मिळाली आहे. साडेअकराची."

"शुक्रवार? डॉक्टरची वेळ घेतली का तेरवीची?" तिने पदर खोचला. "उठा. मी ऑटो आणतो."

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, चांगली मराठी बोलत होती. तिने वाकून विचारले, "आजी, किती दुखतंय?"

यमूने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "आहे थोडं."

त्या 'थोडं'वर मला भयंकर संताप आला. सेहेचाळीस वर्षे मी हेच उत्तर ऐकत होतो, आणि मला ते सोयीचे होते.

"थोडं नाही मॅडम," प्रेमलता मागून म्हणाली. "उशी फाडली यायनं दातानं. मी गेली तं तोंडात कापूस होता."

डॉक्टरने लगेच तपासायला घेतले. पोटावर हात ठेवला, सोनोग्राफी करवली आणि नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगितले. पित्ताशय सडले होते. "दोन दिवस काय करत होतात?" असे तिने मला नंतर विचारले.

संध्याकाळी पुष्करचा फोन आला. तो विमानतळावर होता. "काय भरलं होतं तुम्ही?"

"मॉडरेट."

"अहो बाबा! तिथे सगळे शेवटचंच टाकतात. इतकं खरं खरं कोण भरतं?"

"मग बाकीचे तीन ठेवलेत कशाला?" मी ओरडलो. व्हरांड्यातली माणसे वळून बघू लागली. "आईला एक फोन करायला तुला वेळ नव्हता, म्हणून यंत्र दिलंस! आणि मी... मी तर त्याच घरात होतो रे!"

मी फोन ठेवला.

यमू वाचली. चौथ्या दिवशी तिला उशाला टेकवून बसवले, तेव्हा मी तिला सगळे सांगितले. चार चौकोन, बारीक अक्षरे, सगळे.

"मॉडरेट म्हणजे काय हो?"

"मध्यम."

"मध्यम," ती म्हणाली. "रवा भाजताना आच ठेवतात तसं." मग विचारले, "ती उशी कुठाय?"

"घरीच आहे. शिवून घेतो."

"शिवायची नाही. तुमच्या वाचायच्या खुर्चीत ठेवा."

"कशाला?"

"पाठीला."

उशी तिथेच आहे. जरा टेकले की कापूस बाहेर येतो आणि फरशीभर होतो. तो झाडायला यमूने प्रेमलताला मनाई केली आहे. मीच खाली बसून वेचतो.