पडद्यावर मला खाल्लं, त्यानंतर

मी बोका बोलतोय. नावावर जाऊ नका, मी कुत्रा आहे. डोळे उघडण्याआधीच माझी आई गेली आणि मला एका मांजरीच्या पिल्लांत सोडलं. त्यांच्यासारखा ताटली चाटायला शिकलो, म्हणून हे नाव पडलं. ऐकायला गमतीचं वाटतं, पण मला सांगायचं आहे ते गमतीचं नाही. माझं एका माणसाशी वैर आहे आणि ते मी लपवत नाही. कुत्र्याच्या इमानाचं तुम्हाला केवढं कौतुक! पण इमान टिकतं ते आठवणीच्या जोरावर, आणि त्याच आठवणीच्या जोरावर दावाही धरता येतो.

तुम्ही मला पाहिलंही असेल. ‘उरले चौघे’ नावाच्या सिनेमात जग संपतं, आभाळातून राख पडत राहते, आणि एक बाप, त्याची मुलगी, मुलीचा काका आणि मी एवढेच उरतो. आम्ही नुसते चालत असतो. खायला काही मिळत नाही. शेवटी शेवटी काका मुलीला पाणी आणायला पाठवतो. ती परत येते तेव्हा चुलीवर भांडं असतं आणि मी कुठेच नसतो. हो, त्या भांड्यातला मीच.

मला वाढवलं मावशीने. ती कुणाची सख्खी मावशी आहे ते मला अजून कळलेलं नाही, पण सगळे तिला मावशीच म्हणतात. सिनेमा आणि जाहिरातींसाठी कुत्री शिकवणं हा तिचा धंदा. कमरेला पिशवी, पिशवीत बिस्किटं, आणि बसता-उठता गुडघ्यांना शिव्या. ‘सरक’ म्हटलं की पोट जमिनीला लावून सरपटायचं, ‘लंगड’ म्हटलं की पुढचा उजवा पाय उचलायचा, ‘झोप’ म्हटलं की मरायचं. पुढे पुढे ती शब्दही सोडून नुसता हात दाखवायची. काम जेमतेम झालं तर बिस्किटाचा तुकडा, चोख झालं तर अख्खं बिस्किट. तिने माझ्यावर कधी हात उगारला नाही.

इतकं सगळं येत असून मी अनेक वर्षं जाहिरातीतल्या सोफ्यावर बसून काढली. सोफ्यावर बसायला शिकवावं लागत नाही. म्हणून हा सिनेमा आला तेव्हा मावशी हरखून गेली.

शूटिंग एका बंद पडलेल्या कारखान्यात होतं. राख म्हणजे कागदाचा चुरा, तो मोठ्या पंख्यापुढे धरून उडवायचे. उपाशी बाप सारखा चहा मागायचा. जगातली शेवटची मुलगी मधल्या वेळात शाळेचा अभ्यास करायची. आणि दिग्दर्शक भर उकाड्यात गळ्यात मफलर घालून फिरायचा, म्हणून कामगार त्याला पाठीमागे ‘मफलर’ म्हणायचे. मीही तेच म्हणतो.

पहिल्या दिवशी मी उपासमार करून दाखवली. मान खाली, शेपूट पोटाशी, रिकाम्या डब्याकडे हळूहळू सरकत जाणं. कॅमेऱ्यामागे उभी राहून मावशी हात दाखवत होती आणि माझी एकही खूण चुकली नाही. कॅमेरावाला ‘वा!’ म्हणाला. मफलरने तोंड वाकडं केलं.

“हे नाटक झालं, मावशी. मला खरं पाहिजे.”

“परत करेल की, साहेब. तुम्ही म्हणाल तितक्या वेळा करेल.”

“कुत्र्याला कसला आलाय अभिनय! तुम्ही समोर असलात की तो तुमच्याकडे बघत बसतो. तुम्ही आपल्या घरी जा. त्याला आमच्या एसी गाडीत ठेवतो. जरा भूमिकेत राहू दे.”

‘भूमिकेत’ हा शब्द मावशीला फार आवडला. सोफ्यावर बसणाऱ्या कुत्र्याला कुणी नट समजतंय याचंच तिला अप्रूप. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, “साहेबांचं ऐक हं,” म्हणाली आणि गेली. तिची चूक असेल तर ती एवढीच.

एसी गाडी वगैरे काही नव्हतं. मला बॉयलरच्या खोलीत साखळीने बांधलं. पाणी होतं, खायला नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. मफलर स्वतः जेवणाचा डबा घेऊन यायचा, माझ्या नाकापुढे उघडायचा, बंद करायचा आणि माझे डोळे बघायचा. मी भुंकलो की बुटाचं टोक बरगडीत बसायचं. मग एकदाचं मला कॅमेऱ्यापुढे सोडलं आणि मी त्या रिकाम्या डब्यावर तुटून पडलो. पत्र्याने जीभ कापली तरी चाटत राहिलो. “हे!” मफलर ओरडला. “हे पाहिजे होतं मला!” कॅमेरावाल्याने या वेळी ‘वा’ म्हटलं नाही. पण दुसरंही काही म्हटलं नाही.

मावशी न्यायला आली तेव्हा माझ्यापुढे ताट वाढून ठेवलेलं होतं. “बघा, कसा मजेत आहे,” मफलर म्हणाला. मी मावशीच्या पायांत घुसलो आणि रडलो. तिला वाटलं, मला तिची आठवण आली असेल.

त्याला चावायचं मी ठरवलं होतं. कुठे चावायचं तेही ठरवलं होतं. पण चावणाऱ्या कुत्र्याला कुणी काम देत नाही, आणि त्याच्या मावशीलाही देत नाही. म्हणून निघताना मी फक्त दिग्दर्शकाच्या खुर्चीच्या चारही पायांवर पाय वर करून माझं मत नोंदवलं.

सिनेमा लागला. पडद्यावर आपलं नाव वाचून मावशीने डोळ्यांना पदर लावला. तो डब्याचा प्रसंग आला तेव्हा माझ्या कानात म्हणाली, “किती छान केलंस रे, माझ्या राजा.” बरगडीत बूट बसला तेव्हा दुखलं नव्हतं तेवढं तेव्हा दुखलं. आणि त्याच आनंदात तिने मफलरला शब्द देऊन टाकला की सिनेमाच्या दुसऱ्या भागासाठी ठिपकीला पाठवीन.

ठिपकी माझी मुलगी. तेव्हा तिचे दुधाचे दातही पडले नव्हते. कुणीही दिसलं की शेपूट हलवते, हाच तिचा दोष. ती बॉयलरच्या खोलीत जाणार, या विचाराने माझी अन्नावरची वासना उडाली. मी दारात आडवा पडायचो, तिचा पट्टा पलंगाखाली नेऊन लपवायचो. मावशी हसायची. “बापाला लेकीचा मत्सर वाटतोय,” असं शेजारणीला सांगायची. तिला कसं सांगणार? तुमच्याशी बोलतोय तसं तिच्याशी बोलता येत असतं तर काय हवं होतं!

मग तो दिवस आला. खेळ सुटल्यावर थिएटरच्या बाहेरच्या हॉलमध्ये प्रेक्षकांनी मतं मांडायची असं ठरलं होतं. टेबलामागे मफलर, हातात माईक. बाजूला मावशी आणि आम्ही दोघं. मी जिवंत असल्याचं लोकांना दाखवायचं होतं, आणि ठिपकीला तिथूनच मफलरच्या गाडीतून जायचं होतं.

पहिला माणूस ऑफिसची बॅग छातीशी धरून म्हणाला, “माणसं मेली त्याचं एवढं काही वाटलं नाही. पण कुत्र्याला खायची गरज होती का हो?” टाळ्या पडल्या.

एक आजीबाई म्हणाल्या, “जिकडेतिकडे राख पडलीय आणि चौघांपैकी एक जण केर काढेल तर शपथ. जग बुडेल नाहीतर काय!”

“जग बुडालं, पण बापाची दाढी दर वेळी नीट कापलेली,” मागून एक तरुण ओरडला. “न्हावी वाचला होता वाटतं!”

एका बाईने नवऱ्याकडे बोट दाखवलं. “अशी वेळ आली ना, तर हे आधी मला खातील.” नवरा म्हणाला, “मग स्वयंपाक कोण करणार?” बाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला.

कुणी म्हणालं फार संथ आहे, कुणी म्हणालं शेवट तरी गोड करायचा होता. आणि प्रत्येक जण फिरून माझ्यावरच येत होता. “सगळ्या सिनेमात नट एकच, हा कुत्रा!” आजीबाईंनी निकाल दिला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मफलरचा चेहरा उतरला. त्याला जगाच्या अंताबद्दल मोठं काहीतरी बोलायचं होतं आणि ते कुणी विचारतच नव्हतं.

“अभिनय बिभिनय काही नाही,” तो माईकमध्ये म्हणाला. “कुत्र्याला काय कळतंय? पडद्यावर जे दिसलं ते मी त्याच्याकडून काढून घेतलं. आणि तेही प्रेमाने. शूटिंगभर माझ्या मांडीवर असायचा. आता पुढच्या भागात याची लेक काम करणार आहे. मावशी, द्या तिला इकडे.”

मावशीने ठिपकीचा पट्टा पुढे केला. ठिपकी शेपूट हलवत होती. फोटोवाले सरसावले, आणि फोटोसाठी मफलरने दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवायला खाली आणला.

मी सरकलो. पोट फरशीला लावून, कान पाडून, कुईंकुईं करत टेबलाखाली मागे मागे गेलो. मग दुसऱ्या बाजूने बाहेर आलो तो पुढचा उजवा पाय उचलून, लंगडत. तसाच ठिपकीच्या आणि त्याच्या बुटाच्या मध्ये आलो, थरथरलो, पडलो आणि मेलो. आयुष्यात इतकं चोख मी कधी मेलो नव्हतो.

मग आजीबाईंचा आवाज आला, “अगं बाई, किती घाबरलंय ते! काय केलंत हो त्याला?”

“काही नाही! नाटक करतोय हा!” मफलर ओरडला. “सगळं नाटक आहे! एवढं काही मारलं नव्हतं मी!”

माईक त्याच्या तोंडाशीच होता. ते वाक्य तिकीटखिडकीपर्यंत ऐकू गेलं.

मी एक डोळा किलकिला करून मावशीकडे पाहिलं. मी अभिनय करतोय हे तिथे खरोखर ओळखणारी ती एकटीच होती. सरपटणं तिचं, उचललेला पाय तिचा, मरणही तिनेच शिकवलेलं. पण तिचा हात हलला नव्हता, आणि तिच्या खुणेवाचून मी कधी काही करत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, त्याच्या बुटाकडे पाहिलं. मग तिने ठिपकीचा पट्टा हाताला गुंडाळून मागे घेतला.

“एवढं म्हणजे किती, साहेब?” तिने हळूच विचारलं.

लोक टेबलाभोवती जमले, ढकलाढकली झाली, मफलर खाली वाकला आणि त्याच्या गळ्यातल्या मफलरचं लोंबतं टोक माझ्या समोर आलं. पुढे ते माझ्या तोंडात कसं आलं हे मी सांगणार नाही.

घरी येऊन मावशी माझ्या बरगड्या चाचपत किती तरी वेळ बसली. “मी घरी निघून गेले रे,” एवढंच सारखं म्हणत होती. मग तिने पिशवीतून अख्खं बिस्किट काढून माझ्यापुढे धरलं.

आता मी म्हातारा झालोय. मागचे पाय साथ देत नाहीत, मावशीचे गुडघे आणि मी एकाच वेळी कुरकुरतो. ठिपकी सोफ्याच्या जाहिरातीत बसते आणि जाडी होते आहे. तो सिनेमा बंद पडेल असं मला वाटलं होतं, पण तो आणखी चालला. लोक मुद्दाम तिकीट काढून गेले आणि डब्याच्या प्रसंगाला शेजाऱ्याला म्हणाले, “बघ बघ, इथे तो खरंच उपाशी आहे.” त्या लोकांवरही माझा राग आहे. दुसऱ्या भागात मफलरने संगणकावर काढलेला कुत्रा घेतला. मफलरला आता कुणी खरा कुत्रा देत नाही.

तेव्हा मतं खुशाल मांडा, पण पडद्यावर कुणाची भूक फारच खरी वाटली तर टाळी वाजवण्याआधी ती कशी मिळवली ते विचारा. आणि तो माणूस कुठे भेटला तर त्याला माझा निरोप सांगा. म्हणावं, तुझा मफलर आमच्याकडेच आहे. ठिपकी दुपारची त्याच्यावर झोपते. न्यायला ये, दार उघडंच असतं, आणि या वेळी बोका अभिनय करणार नाही.