आई कुठंय?

गिरिजाबाईंनी गुळाचा खडा चिमटीत धरला, मांडीवरच्या नातवाच्या नाकासमोरून फिरवला आणि दोरीवर दुपटी वाळत घालणाऱ्या शिवप्रियाकडं बोट केलं.

"उत्कर्ष, आई कुठंय? ती बघ. म्हण, आई."

"मावशी," शिवप्रिया दुपटं झटकत म्हणाली. "आई तिकडं हाय." तिनं मानेनंच भिंतीवरचा फोटो दाखवला. फोटोत तिची थोरली बहीण होती, राजेश्वरी. बाळंतपणात गेलेली.

"फोटो न्हाऊ घालतो व्हय लेकराला?"

उत्कर्षनं तोंड उघडलं, ते गुळासाठी. गूळ परत मुठीत गेला.

शिवप्रिया ढोकीला, बहिणीच्या सासरी, आली होती ती सव्वा महिन्यासाठी, कॉलेजचं दुसरं वर्ष अर्ध्यावर टाकून. सव्वा महिना वर्षभर लांबला, त्याबद्दल तिला कुणी काही विचारलं नाही. भावजी, गिरिजाबाईंचे चिरंजीव गौरीशंकर, स्वभावानं चांगले होते. म्हणजे बोलत नसत. शिवाय पोरीला लग्नाचं थेट विचारणं बरं दिसत नाही, म्हणून या घरानं लेकराला बोलायला शिकवायला घेतलं होतं. त्यानं एकदा चार माणसांत हाक मारली, की बाकीच्यांना तोंड उघडायचं कारण उरत नव्हतं.

हे शिवप्रियाला कळत होतं. रोज न्हाऊ घातल्यावर ती त्याला फोटोपुढं नेई, 'आई' म्हणे. मग त्याचा हात आपल्या गालावर ठेवून 'मावशी'. आणि तिच्या बाजूनं आप्पा होते. तिचे वडील माणिकप्पा दर सोमवारी माकणीहून यायचे, नातवाला कडेवर घेऊन महादेवाच्या देवळापर्यंत फिरवून आणायचे. त्यांनीच शब्द दिला होता, "कालेज सुरू झालं की घिऊन जातो तुला."

जूनमध्ये ते खरंच आले. निरोपाला शेजारच्या द्वारकाबाई आल्या, भावकीतली दोन माणसं आली. चहा झाला. शिवप्रियाची बॅग आप्पांनी स्वतः उचलली. गिरिजाबाईंनी अडवलं नाही. त्यांनी नुसतं उत्कर्षला खाली सोडलं.

तो डुलत डुलत उंबऱ्यापाशी आला.

"मावशी जाऊन येती हं," शिवप्रिया वाकून म्हणाली. "म्हण बरं, मावशी."

"आई," उत्कर्ष म्हणाला. खणखणीत.

द्वारकाबाईंनी पदर डोळ्याला लावला. "आयकलं का पाव्हणं? लेकरानं वळखलं बघा. कुणी शिकवलं न्हाय, सवरलं न्हाय."

"आता काय बोलावं मानसानं," आप्पा म्हणाले आणि बॅग खाली ठेवली.

शिवप्रियानं गिरिजाबाईंच्या हातांकडं बघितलं. दोन्ही हात उघडे होते. गूळ नव्हता.

उत्कर्षनं तिकडं बघितलंच नाही. त्यानं वळून आजोबांपुढं तळवा पसरला आणि वाट बघू लागला. सवयीनं आप्पांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला, आणि तिथंच थांबला. उत्कर्ष तळवा हलवायला लागला. शेवटी हात बाहेर आला. त्यात दोन बेदाणे होते.

"आप्पा," शिवप्रिया म्हणाली.

आप्पा बॅगेच्या बंदाला लागलेली माती पुसत होते.

उत्कर्षनं बेदाणे तोंडात टाकले, शिवप्रियाकडं बोट केलं आणि "आई" म्हणून तळवा पुन्हा पुढं धरला.